दळण टाकलं म्हणजे पीठ आलं नव्हे

आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे. सकाळी गव्हाचा डबा तिथे नेऊन ठेवायचा, झाकणावर नावाची चिठ्ठी आहे ना ते बघायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. भाजी घ्यायची, वीजबिल भरायचं, मुलाला शाळेत सोडायचं. परतताना गिरणीत डोकावायचं आणि दळण झालं असेल तर डबा उचलायचा. माझ्या आजीच्या वेळी ही सोय नव्हती. तिच्या घरी जातं होतं. पहाटे जात्यावर बसलं की सुपातलं धान्य संपेपर्यंत उठायचं नाही. हात गुंतलेले, पाय गुंतलेले. मोकळा असायचा तो फक्त गळा, म्हणून तिथे ओव्या जन्मल्या.

संगणकाच्या प्रोग्रॅमलाही काम करण्याच्या याच दोन रीती असतात. एक जात्याची: हातातलं काम संपेपर्यंत दुसरं काही करायचं नाही. दुसरी गिरणीची: काम सोपवायचं, दरम्यान इतर कामं उरकायची आणि ते झाल्याचं कळलं की पुढचं पाऊल टाकायचं. या दुसऱ्या रीतीला इंग्रजीत असिंक्रोनस म्हणतात. आपल्या परिभाषेत असमकालिक. शब्द जड आहे, पण कल्पना आपण रोज वापरतो. ती रीत नीट न समजता वापरली तर काय होतं, याचा धडा मला फायली पाठवणाऱ्या एका साध्या प्रोग्रॅमनं दिला. तोच आज सांगणार आहे.

माझी मावसबहीण शिक्षिका आहे. भोर तालुक्यातल्या एका गावात जाऊन ती म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत होती. ही मुद्रणं शहरातल्या एका संग्रहाच्या सर्व्हरवर पाठवायची होती. एका दिवसात ४२ मुद्रणं झाली, प्रत्येक सरासरी चार मिनिटांचं. आवाज न दाबता साठवला, तर एका मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे एक ओवी २१ मेगाबाइटची. तिथल्या जोडणीचा पाठवण्याचा वेग सेकंदाला दोन मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो, हे लक्षात घेतलं तर एका ओवीला जवळजवळ दीड मिनिट आणि सगळ्या ओव्यांना तासभर लागणार. मी तिला त्यासाठी एक प्रोग्रॅम लिहून दिला. तो चालवल्याबरोबर पडद्यावर ४२ नावं आणि प्रत्येकापुढे ‘पाठवली’ असा शब्द उमटला. आम्ही चहा घेतला, दहा मिनिटांनी लॅपटॉप बंद केला. मी म्हणालो, ‘‘ताई, झालं सगळं. कार्ड पुसून टाक, उद्याला लागेल.’’ तिनं पुसलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच कार्डावर नवं मुद्रण केलं.

आठवड्यानं तिचा फोन आला. ‘‘अरे, आजींची ओवी मधेच का तुटते?’’ सर्व्हरवर पाहिलं, तर तीन लहान मुद्रणं पूर्ण होती, सात अर्धवट होती आणि ३२ मुद्रणांचा पत्ताच नव्हता. पुसलेल्या फायली परत काढणारं सॉफ्टवेअर वापरून कार्डावरून ११ मुद्रणं पूर्ण मिळाली. बाकीच्या २८ ओव्या गेल्या. दोष सर्व्हरचा नव्हता, जोडणीचा नव्हता, ताईचा तर नव्हताच. ‘पाठवली’ हा शब्द मी चुकीच्या जागी लिहिला होता.

ही चूक समजण्यासाठी आधी फायली कशा जातात ते पाहू. एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल नेण्याच्या सर्वांत जुन्या रीतींपैकी एक म्हणजे फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, थोडक्यात एफटीपी. तिचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी लिहिला. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले हे अभियंते पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये गेले आणि १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांचा मसुदा ‘आरएफसी ११४’ या क्रमांकानं प्रसिद्ध झाला. तेव्हा आजचं इंटरनेट नव्हतं, त्याचा पूर्वज अर्पानेट होता. पुढे नियमांत बदल होत गेले आणि जॉन पोस्टेल व जॉइस रेनॉल्ड्स यांनी १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये जी संहिता प्रसिद्ध केली, ती ‘आरएफसी ९५९’ आजही एफटीपीचा पाया आहे.

एफटीपीची गंमत अशी, की तिच्यात दोन वाटा असतात. एका वाटेनं फक्त बोलणं होतं, दुसऱ्या वाटेनं माल जातो. गिरणीवाल्याशी फोनवर बोलावं आणि डबा सायकलवरून पाठवावा, तसं. बोलण्याच्या वाटेवर सर्व्हर दर वेळी तीन आकडी क्रमांकानं उत्तर देतो. २२० म्हणजे ‘मी तयार आहे’. नाव सांगितलं की ३३१, ‘नाव समजलं, आता परवलीचा शब्द सांगा’. तो बरोबर असला की २३०, ‘या आत’. मग आपण म्हणतो, अमुक फाइल ठेवायची आहे. सर्व्हर म्हणतो १५०, ‘मालाची वाट उघडतो, पाठवा’. माल जातो. सगळा पोचला की सर्व्हर म्हणतो २२६, ‘वाट बंद केली, काम पूर्ण’. माझ्या गोष्टीतले महत्त्वाचे आकडे हे शेवटचे दोन. १५० म्हणजे सुरुवात, २२६ म्हणजे शेवट. दोन्ही उत्तरं होकाराचीच आहेत, पण पहिल्यावर भरवसा ठेवून कार्ड पुसायचं नसतं.

प्रोग्रॅम लिहिणारा माणूस हे सगळं संभाषण स्वतः लिहीत बसत नाही. त्यासाठी तयार लायब्ररी मिळते. ही लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे, दुसऱ्यानं लिहून, तपासून ठेवलेला प्रोग्रॅमचा भाग. आपण फक्त ‘ही फाइल तिकडे ठेव’ एवढंच म्हणायचं, आकड्यांची देवाणघेवाण ती करते. पायथन या भाषेसोबत एफटीपीलिब नावाची अशी लायब्ररी येतेच. पण ती जात्याच्या रीतीची आहे. फाइल पाठवायला सांगितली की ती पूर्ण जाईपर्यंत प्रोग्रॅम त्याच ओळीवर बसून राहतो. दरम्यान ‘थांबवा’ हे बटण दाबलं तरी ऐकायला कुणी नाही. खिडकी गोठते आणि वापरणाऱ्याला वाटतं, संगणक बंद पडला. तासभर असं दृश्य बघत बसायला लावणं बरं नव्हे, म्हणून मी गिरणीची रीत निवडली.

पायथनमध्ये या रीतीची सोय २०१४ साली असिंकआयओ या नावानं आली आणि २०१५ मध्ये ‘असिंक’ आणि ‘अवेट’ हे दोन शब्द भाषेतच दाखल झाले. एफटीपीसाठी त्यावर बेतलेली एआयओएफटीपी ही मोफत लायब्ररी आहे. तिच्या मुळाशी ‘इव्हेंट लूप’ असतो. म्हणजे कामांची यादी हातात घेऊन सतत फेऱ्या मारणारा एक माणूस समजा. माणूस एकच, कामं अनेक. फाइल एकदम जात नाही, छोट्या छोट्या तुकड्यांनी जाते. एक तुकडा दिला आणि वाट भरली, की ते काम म्हणतं, ‘मी थांबतो, तू दुसरीकडे बघ’. हे म्हणण्याची जागा म्हणजे ‘अवेट’ हा शब्द. तो माणूस लगेच दुसऱ्या फाइलकडे जातो, मग तिसरीकडे, मधेच कुणी ‘थांबवा’ दाबलं का तेही पाहतो आणि पहिली वाट मोकळी झाली की परत येतो. अट एकच. कुणीही त्याला धरून ठेवायचं नाही. मधल्या एखाद्या कामानं, समजा आवाज दाबून लहान करण्याच्या लांबलचक हिशेबानं, त्याला पाच मिनिटं अडकवलं, तर बाकीची सगळी कामं ताटकळतात. असं जड काम वेगळ्या हाताला द्यावं लागतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. या रीतीनं जोडणीचा वेग वाढत नाही. नळाला जेवढं पाणी आहे तेवढंच येणार. दहा बादल्या एकदम लावल्या तर त्या सगळ्या हळूहळू भरतात इतकंच. माझ्या ४२ ओव्यांना तास लागणार होता, तो लागणारच होता. मग फायदा कुठे? जिथे वेळ माल वाहण्यात नव्हे, तर उत्तराची वाट पाहण्यात जातो, तिथे. समजा सर्व्हर दूरच्या देशात आहे आणि एका प्रश्नाचं उत्तर यायला ०.२ सेकंद लागतात. एका फाइलमागे चार प्रश्नोत्तरं धरली तर ०.८ सेकंद. हजार छोट्या फायली एकामागून एक पाठवल्या, तर नुसत्या वाट पाहण्यात ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांहून जास्त जातात. त्याच पाच वाटांवर वाटून दिल्या, तर ही वाट पाहणं पावणेतीन मिनिटांवर येतं. दुसरा फायदा म्हणजे प्रोग्रॅम जागा राहतो. किती काम झालं ते सांगू शकतो, थांबवलं तर थांबतो.

आता माझी चूक. या रीतीत काम सांगण्याचे तीन प्रकार आहेत आणि लिहिताना ते जवळजवळ सारखेच दिसतात. एक, ‘पाठव’ म्हणायचं, पण ‘अवेट’ लिहायला विसरायचं. तेव्हा काहीच जात नाही. चिठ्ठी लिहिली, पण डबा घरातच राहिला. दोन, कामाचा एक ‘टास्क’ करून यादीत टाकायचा आणि पुढे जायचं. इथे डबा गिरणीत पोचतो, पण आणायला कुणीतरी जावं लागतं. तीन, ‘अवेट’ लिहून ते काम संपल्यावरच पुढची ओळ चालवायची. मी दुसरा प्रकार वापरला. ४२ टास्क एकदम केले आणि प्रत्येक टास्क यादीत टाकल्याबरोबर पडद्यावर ‘पाठवली’ लिहिलं. खरं तर तेव्हा एकही बाइट गेलेला नव्हता. सर्व्हर एका वेळी दहाच जोडण्या घेत होता. उरलेल्या ३२ ना त्यानं ४२१ म्हणून नम्र नकार दिला. तो नकार त्या त्या टास्कमध्ये पडून राहिला, कारण निकाल विचारायला मी परत गेलोच नाही. ज्या दहा वाटा चालू होत्या, त्या लॅपटॉप बंद केल्यावर तुटल्या.

आता तो प्रोग्रॅम मी पुन्हा लिहिला आहे. त्यातले नियम साधे आहेत आणि कुठल्याही भाषेत, कुठल्याही लायब्ररीत लागू पडतात.

पहिला, वाटा मोजक्या ठेवायच्या. एफटीपीत बोलण्याच्या एका वाटेवर एका वेळी एकच फाइल जाते. एकाच जोडणीवर दोन फायली एकदम सुरू केल्या, तर कुठलं उत्तर कुणाचं याचा घोळ होतो. म्हणून प्रत्येक वाटेला वेगळी जोडणी. आणि अशा तीनच. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी ‘सेमाफोर’ नावाची सोय असते. तीन बिल्ले समजा. बिल्ला हातात असेल त्यानंच जायचं, आल्यावर तो पुढच्याला द्यायचा.

दुसरा, टाकलेलं प्रत्येक दळण परत आणायचं. सगळे टास्क एका गटात ठेवून, गटातलं शेवटचं काम संपेपर्यंत प्रोग्रॅम बंद होऊ द्यायचा नाही. २०२२ मध्ये आलेल्या पायथन ३.११ मध्ये यासाठी ‘टास्कग्रुप’ आहे. पण सांभाळून, त्यात एका कामात न हाताळलेली चूक झाली, तर तो बाकीची कामंही रद्द करतो. एका ओवीसाठी बाकीच्या अडू नयेत, म्हणून प्रत्येक फाइलची चूक तिच्या तिथेच पकडून तिच्या नावापुढे लिहायची आणि पुढे जायचं.

तिसरा, वाट पाहण्याला मुदत हवी. जोडणी मधेच मेली, तर उत्तर कधीच येत नाही आणि ‘अवेट’ जन्मभर थांबेल. याची एक चमत्कारिक तऱ्हा आहे. मोठी फाइल बराच वेळ मालाच्या वाटेनं जात असते, तेव्हा बोलण्याची वाट गप्प असते. मधल्या एखाद्या राउटरला वाटतं, इथे कुणी नाही, आणि तो ती वाट तोडतो. फाइल पूर्ण पोचते, पण २२६ हे उत्तर येत नाही. म्हणून उत्तर आलं नाही म्हणजे फाइल गेली नाही, असंही म्हणता येत नाही. पुन्हा जोडणी करून विचारावं लागतं.

काय विचारायचं, तो चौथा नियम. तिकडच्या फाइलचा आकार विचारायचा आणि इकडच्याशी ताडून बघायचा. एफटीपीत त्यासाठी ‘साइझ’ ही आज्ञा आहे. २००७ च्या ‘आरएफसी ३६५९’ मध्ये तिची रीतसर व्याख्या झाली. अर्धी गेलेली फाइल तुटल्या जागेपासून पुढे पाठवण्याची सोयही त्याच संहितेत आहे. ती सर्व्हरवर चालू असेल, तर वीस मेगाबाइट पुन्हा वाहावे लागत नाहीत. आकार जुळला तरी आतला मजकूर तोच आहे याची खात्री हवी असेल, तर दोन्हीकडे फाइलचा ‘हॅश’ काढायचा. हा फाइलच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला आकडा. एक बाइट जरी बदलला तरी तो बदलतो. एफटीपीच्या मूळ संहितेत हॅश विचारण्याची आज्ञा नाही, त्यामुळे आम्ही हॅशची यादी वेगळी पाठवतो आणि संग्रहातला माणूस तिकडे ताडून बघतो.

पाचवा नियम मला सर्वांत आवडतो. फाइल पाठवताना तिला तात्पुरतं नाव द्यायचं, शेवटी ‘अर्धी’ असं काही जोडून. पूर्ण पोचली, आकार जुळला, की मगच खरं नाव द्यायचं. एफटीपीत नाव बदलण्याच्या आज्ञा आहेत. असं केलं की तिकडे बसलेल्या माणसाला नावावरूनच कळतं, हे पीठ आहे की अजून भरड.

एक इशारा. मूळ एफटीपीत नाव, परवलीचा शब्द आणि माल सगळं उघडं जातं, वाटेत कुणीही वाचू शकतो. १९७१ मध्ये मोजके संगणक एकमेकांशी बोलत होते, तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीला रजा दिली, त्यात हेही एक कारण होतं. म्हणून कूटबद्ध वाट वापरावी. एफटीपीलाच टीएलएसचं कवच चढवण्याची रीत २००५ पासून ठरलेली आहे. एसएफटीपी ही नावानं जवळची, पण पूर्ण वेगळी रीत आहे. तिच्यासाठीही असमकालिक लायब्रऱ्या मिळतात. रीत कुठलीही घ्या, वरचे पाच नियम बदलत नाहीत.

ताई आणि मी त्या गावाला पुन्हा गेलो. आजींना सांगितलं, तुमच्या ओव्या आमच्या हातून हरवल्या. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘जात्याला हात लागल्याबिगर येत न्हाई.’’ शेजारून जातं आणवलं, मूठभर जोंधळे टाकले आणि त्या गाऊ लागल्या. गायल्या छान, पण त्या निराळ्या ओव्या होत्या. मागच्या वेळच्या कुठल्या होत्या, हे त्यांनाही सांगता येईना.

आता प्रोग्रॅममध्ये ‘पाठवली’ हा शब्द कुठेच नाही. प्रत्येक नावापुढे तीन खुणा येतात. ‘घेतली’, म्हणजे काम यादीत आहे. ‘पोचली’, म्हणजे सर्व्हरनं पूर्ण झाल्याचं सांगितलं. ‘ताडली’, म्हणजे आकार आणि हॅश दोन्ही जुळले. शेवटची खूण संग्रहातून निरोप आल्यावरच उमटते, त्याला कधी दोन दिवस लागतात. तेवढे दिवस ताई नवं कार्ड वापरते. जुनं एका पाकिटात घालून, वर तारीख लिहून कपाटात ठेवते.